‘डिस्प्ले उडाला’ की ‘डिस्प्ले नादुरुस्त’?

लातूर जिल्ह्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांच्या कामाच्या आवारात शेतमालाचे भाव दाखवणारा लाल अक्षरांचा बोर्ड आहे. तो बंद पडला तेव्हा त्यांनी तक्रारवहीत ‘डिस्प्ले उडाला’ असं लिहिलं. साहेबांनी ते खोडून ‘प्रदर्शन फलक नादुरुस्त आहे’ असं केलं आणि ‘उडाला’ गावठी आहे असं सांगितलं. त्यांची पुण्यातली भाची म्हणते, ‘डिस्प्ले गेला’ म्हणतात. यातलं बरोबर कोणतं?

ताई, तिन्ही मराठीच आहेत, पण तिन्हींचा अर्थ एक नाही. मी परभणीत गेली अठरा वर्षं असे बोर्ड बसवतो आणि दुरुस्त करतो, त्यामुळे ही क्रियापदं रोज फोनवर कानावर पडतात. फोन ठेवायच्या आत सोबत कोणतं सामान घ्यायचं हे ठरतं, ते बरेचदा समोरच्याच्या क्रियापदावरून.

आधी ‘गावठी’चं बघू. ‘उडणे’ संस्कृत-प्राकृतातून सरळ आपल्यापर्यंत आलेलं क्रियापद आहे. ‘दुरुस्त’ फारसी, आणि त्याच्या आधी लागलेला ‘ना’ही फारसीच. मराठवाड्यात १९४८पर्यंत सरकारी कारभार उर्दूत चालायचा, त्यामुळे हे शब्द आपल्याला परके वाटत नाहीत आणि वाटूही नयेत. मला ‘नादुरुस्त’ आवडतो. पण तो शुद्ध आणि ‘उडाला’ अशुद्ध, ही वाटणी खरी नाही.

आता अर्थाकडे येतो. ‘गेला’ म्हणजे आता दिसत नाही. कशानं ते बोलणाऱ्याला माहीत नाही. ‘उडाला’ म्हणजे एका क्षणात, बाहेरून जास्तीचं काही आलं म्हणून. फ्यूज उडतो, बल्ब उडतो. आपल्याकडे अवकाळीत वीज कडाडली किंवा डीपीवर न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, तुटला की हेच होतं. थ्री फेजचा न्यूट्रल सुटला तर २३०च्या जागी एखाद्या घरात पार ४००च्या जवळ व्होल्टेज जातं. बोर्डाला लागेल तेवढ्या कमी व्होल्टची वीज करून देणारा डबा म्हणजे पॉवर सप्लाय. त्याच्या तोंडाशी ते जास्तीचं व्होल्टेज अंगावर घेणारा एक गोल चकतीसारखा भाग असतो. तो स्वतः शॉर्ट होतो आणि फ्यूज उडवतो. म्हणून ‘उडाला’ ऐकलं की मी नवा फ्यूज आणि ती चकती, दोन्ही पिशवीत टाकतो. ‘जळाला’ म्हटलं की मात्र वास आला, काळं पडलं. उडालेल्या फ्यूजच्या जागी कुणी जाड तार घातलेली असते, मग पुढच्या वेळी काही उडत नाही, सप्लायच जळतो.

यात आणखी एक जोडी बघा: उडाला–उडवला, जळाला–जाळला, तुटली–तोडली. पहिल्यात करणारा कुणी नाही, दुसऱ्यात आहे. वॉरंटीच्या कागदावर हा फरक फार महाग पडतो. एका ठिकाणी शिपायाच्या नावापुढं ‘बोर्ड जाळला’ असं लिहिलं गेलं होतं. त्या बिचाऱ्यानं नेहमीसारखं सकाळी बटण दाबलं होतं, एवढंच.

मग काळ. ‘गेला’ आणि ‘जातो’ यांत माझ्या दृष्टीनं जमीन-अस्मानाचा फरक आहे. ‘जातो’ किंवा ‘जाऊन-येऊन आहे’ म्हटलं की मी ढिला स्क्रू, सुटलेला डाग (सोल्डरचा जोड), सैल कनेक्टर शोधतो. कधी जातो हेही विचारावं. दुपारी जातो आणि ऊन उतरल्यावर येतो, तर तापल्यावर उघडणारी चीर किंवा गरम होऊन बंद पडणारा सप्लाय. सकाळच्या गारव्यात लागत नाही आणि जरा वेळानं लागतो, तर म्हातारा कपॅसिटर, म्हणजे सप्लायमधला वीज साठवून ती एकसारखी ठेवणारा डबीसारखा भाग. त्याचा माथा बोटानं चाचपला की फुगवटा लागतो. त्यावर १०५ अंश असं छापलेलं असतं म्हणून लोक निर्धास्त असतात, पण दर १० अंश तापमान वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. मे महिन्यात बाहेर ४३ अंश असताना पश्चिमेकडं तोंड करून बसवलेल्या बंद पत्र्याच्या पेटीत काय होत असेल, ते हात लावला की कळतं. पेटीला खालून हवा आत आणि वरून बाहेर अशी वाट ठेवली तर हा फोन पुष्कळ उशिरा येतो.

आणि आपलं ‘लुकलुकायलाय’! ‘बोर्ड लुकलुकतो’ ही सवय झाली. ‘लुकलुकायलाय’ म्हणजे आत्ता, या क्षणी, डोळ्यांसमोर. मला कुणी ‘लुकलुकायलाय बघा’ म्हणालं की मी म्हणतो, बंद करू नका, आलोच. चालू असतानाच मीटर लावता येतो. हा ‘-आयला’ पुस्तकी मराठीत नाही म्हणून लपवू नका, त्यानं माझे कितीतरी हेलपाटे वाचवलेत.

‘लुकलुकणे’ आणि ‘मिणमिणणे’ यांची सरमिसळ मात्र करू नये. लुकलुकणं म्हणजे उघडझाप. मिणमिणणं म्हणजे चालू आहे, पण अंगात जीव नाही. लांब बोर्डाचं दूरचं टोक मिणमिणतं, त्याचं कारण बहुधा बारीक वायर. बोर्ड दिव्यांचे छोटे चौकोनी तुकडे शेजारी शेजारी जोडून केलेला असतो, त्यांना मॉड्यूल म्हणतात. ही मॉड्यूल ५ व्होल्टवर चालतात. वायरीचा रोध जेमतेम ०.०५ ओहम असला आणि तिच्यातून १० अँपियर वाहत असले, तर अर्धा व्होल्ट वाटेतच जातो. २३०मधून अर्धा गेला तर कुणाला कळतही नाही. ५मधला अर्धा म्हणजे दहावा हिस्सा. सगळे दिवे पेटवून शेवटच्या मॉड्यूलवर मोजावं, रिकाम्या बोर्डावर मोजून उपयोग नाही.

विभक्ती-अव्ययांचीही हीच गोष्ट. ‘तिसरं मॉड्यूल बंद आहे’ आणि ‘तिसऱ्यापासून पुढं बंद आहे’. या बोर्डात मजकूर एका मॉड्यूलमधून दुसऱ्यात असा साखळीनं पुढं सरकतो. तिसरं एकटंच बंद असेल आणि चौथं नीट दाखवत असेल, तर मजकूर पुढं पोचतोय. मग तिसऱ्याचे दिवे आणि ते पेटवणारा भाग बघायचा. ‘पासून पुढं’ असेल तर दुसऱ्यातून बाहेर पडणारी किंवा तिसऱ्यात शिरणारी पट्टी केबल, नाहीतर या दोघांपैकी एकाची चिप किंवा तिसऱ्याची पॉवरची वायर. एका ‘पासून’मुळे पंचवीस मॉड्यूल उघडायची वेळ टळते.

‘बसणे’वर थोडं जास्त लिहितो, कारण तुमचा बोर्ड भावांचा आहे. पी-टेन नावाच्या साध्या मॉड्यूलमध्ये ३२ दिवे आडवे आणि १६ उभे असतात. इंग्रजी अक्षर १६ ओळींत ऐसपैस बसतं. मराठीला वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार हवा आणि खाली उकार. अक्षर मोठं दिसावं म्हणून कुणी आकार वाढवला की खालचा उकार कापला जातो. मग ‘तूर’चं ‘तर’ होतं आणि ‘मूग’चं ‘मग’. एका आवारात मी स्वतः ‘तर’ आणि त्याखाली ‘मग’ असे भाव लागलेले पाहिले. शेतकरी वर बघून विचारत होते, तुरीचा भाव लागला का? तो लागलेलाच होता. याला लोक ‘तूर बसत नाही’ म्हणतात आणि तेच अचूक आहे: बोर्ड धडधाकट आहे, अक्षर मावत नाही. शिरोरेखा वरून पाचव्या ओळीवर घेतली आणि खालच्या तीन ओळी उकाराला सोडल्या तर बसतं. जागा असेल तर दोन मॉड्यूल एकावर एक लावून ३२ ओळी कराव्यात, मी तेच सुचवतो.

‘नादुरुस्त’मध्ये न मावणारी एक गोष्ट राहिली, ‘चुकीचं दाखवतो’. वजनकाट्यावरचा आकडा सात दांड्यांचा असतो. इंग्रजी आठाची मधली दांडी गेली की त्याचा शून्य होतो, उजवीकडची वरची गेली की सहा, डावीकडची खालची गेली की नऊ. बंद काटा सगळ्यांना दिसतो, हा दिसत नाही. काटा सुरू होताना सगळे आठ दाखवतो तो याचसाठी. तेवढा क्षण आकड्यांकडे बघावं. असं काही आढळलं तर वहीत ‘आकड्याची दांडी गेली’ असंच लिहा.

आता तुमची वही. ‘प्रदर्शन’ म्हटलं की मंडप आणि स्टॉल आठवतात. तुमच्या बोर्डाला ‘भावफलक’ हा चांगला रुळलेला शब्द आहे. साहेबांचा ‘नादुरुस्त’ शीर्षकात राहू द्या आणि खाली तुमची क्रियापदं येऊ द्या:

विषय: भावफलक नादुरुस्त. काल दुपारी चारच्या सुमारास वीज कडाडली तेव्हा भावफलक उडाला. त्याआधी आठवडाभर डावीकडून सहाव्या भागापासून पुढे अक्षरे दुपारी जात होती व संध्याकाळी येत होती. वास आला नाही. फ्यूज बदललेला नाही.