"आमच्यात बाळाला लस देत नाहीत मॅडम"

"आमच्यात बाळाला लस देत नाहीत मॅडम, मी हो म्हटलं तर घरात राडा होईल, काय करू?" गरोदर बायकांशी बोलताना हा प्रश्न सारखा येतो, आणि इतक्या वेगवेगळ्या घरांतून येतो की एकदा नीट लिहावंसं वाटलं. मी रत्नागिरी जिल्ह्यात किनाऱ्यालगत काम करते. आमच्या ओपीडीत एकाच बाकावर कुणबी, भंडारी, कोळी, कोकणी मुसलमान, आंब्याच्या बागेत राखणीला राहिलेल्या नेपाळी गुरख्याची बायको आणि बाळंतपणाला माहेरी आलेली पुण्याची आयटीवाली, सगळ्या शेजारी शेजारी बसलेल्या असतात आणि "आमच्यात" म्हणजे काय ते प्रत्येकीचं वेगळं निघतं.

आज जिच्याबद्दल सांगतेय ती (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत) बंदराजवळच्या मुसलमान घरातली, वय बावीस-तेवीस, पहिलटकरीण, सातवा महिना, नवरा कुवेतला. धनुर्वाताची दोन्ही इंजेक्शनं झालेली, लोहाच्या गोळ्या वेळच्या वेळी, तपासणीला एकदाही खाडा नाही. पण बाळाच्या लसीचा विषय काढला की मान खाली. आशाताईंनी मला आधीच सांगून ठेवलेलं, "त्यांच्यात विरोध असतो, तुम्हीच समजवा."

मला हे "त्यांच्यात" खटकतं आणि ते मी तोंडावर बोलते पण. पुण्याहून आलेली मुलगी विचारते की एवढ्या लसी कशाला, नैसर्गिक प्रतिकारशक्ती बिघडणार नाही का, ऑटिझमचं काय, तेव्हा आपण म्हणतो वाचलंय हो तिने बरंच, आणि तिला खुर्ची देऊन अर्धा तास समजावतो. तीच शंका बुरख्यातल्या बाईने काढली की "अडाणी आहेत, ऐकायचंच नसतं". आणि कातकरी बायका तर बहुतेक वेळा नाही म्हणतच नाहीत, दिवाळीनंतर अख्खं कुटुंब वीटभट्टीवर जातं आणि सहा, दहा, चौदा आठवड्यांच्या तारखा तिकडे पडतात, पण इथल्या बोलण्यात तेही "ते लोक घेत नाहीत" असंच होऊन जातं. तिघींची कारणं तीन, मग एकच भाषण तिघींना ऐकवून काय उपयोग?

अमेरिकेतही गरोदर बायकांना बाळाच्या लसीबद्दल काय वाटतं यात वंशावंशात फरक दिसतो आणि तिथे कृष्णवर्णीय समाजाच्या अविश्वासाबद्दल बोलताना टस्कगीचं नाव निघतंच. १९३२ ते १९७२, चाळीस वर्षं, सरकारी आरोग्य खात्याने सिफिलिस झालेल्या गरीब कृष्णवर्णीय पुरुषांना नुसतं निरीक्षणाखाली ठेवलं, आजार काय ते धड सांगितलं नाही आणि पेनिसिलिन आल्यावर तेही दिलं नाही. असं ज्यांच्या माणसांबरोबर झालं ते सुईकडे संशयाने बघणारच. आपल्याकडे आणीबाणीतली नसबंदी आठवणारी म्हातारी माणसं अजून आहेत. म्हणून कुणी "आमच्यात नाही" म्हटलं की मी लसीची माहिती सुरू करत नाही, आधी विचारते, "तुमच्या घरात लस घेतल्यावर कुणाला काय झालं होतं का?"

तिलाही तेच विचारलं. आधी नाही म्हणाली, मग हळूहळू आलं सगळं. मोठ्या जावेच्या मुलाला दीड महिन्याला पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरची एकत्र लस, थोडक्यात पेंटा) दिलं, संध्याकाळी अंग तापलं, मांडी सुजून दगडासारखी झाली, पोर रात्रभर रडलं. असं होऊ शकतं हे कुणी सांगितलंच नव्हतं. सकाळी जाऊ बाळाला घेऊन विचारायला गेली तर तिथे उत्तर मिळालं, "तुम्हा लोकांच्या कायम तक्रारीच." त्या दिवसापासून त्या घरात लस बंद. त्यानंतर नवऱ्याच्या मोबाईलवर फॉरवर्ड आले, लसीत डुकराचं काहीतरी असतं आणि पुढे मुलं होत नाहीत, आणि ते पटले कारण मन आधीच दुखावलेलं होतं. मला विचाराल तर विरोध त्या एका वाक्यातून आलेला, धर्माचं कारण नंतर जोडलं गेलं.

मग आम्ही एकेक घेतलं. पेंटानंतर एक-दोन दिवस ताप, मांडीला सूज, गाठ, चिडचिड होते, पॅरासिटामॉल किती द्यायचं ते नर्सला वजनाप्रमाणे विचारून ठेवायचं, सुजेवर चोळायचं नाही, ताप उतरेना किंवा बाळ मलूल वाटलं तर लगेच आणायचं. बीसीजीच्या (क्षयरोगाविरुद्धच्या लसीच्या) जागी डाव्या दंडावर काही आठवड्यांनी फोड येतो, कधी थोडा पू येतो, आपोआप सुकतो, त्याला हळद-तेल काही लावायचं नाही. हे सगळं सातव्या महिन्यात सांगायचं, कारण दीड महिन्याचं बाळ मांडीवर रडत असताना आईच्या डोक्यात काही शिरत नाही.

मुलं न होण्याबद्दल मी तिला म्हटलं, अगं, १९९५ पासून देशभर पल्स पोलिओ चाललाय, तुझ्या पण बोटाला शाई लावून थेंब पाजलेच असणार ना? म्हणाली हो, आई सांगते. म्हटलं मग हात ठेव पोटावर. तेव्हा पहिल्यांदा हसली.

डुकराच्या प्रश्नावर मात्र मी थाप मारत नाही. गोवर-रुबेलाच्या लसीत जिलेटिन असतं आणि २०१८ मध्ये इंडोनेशियात तिथल्या उलेमा कौन्सिलसमोर, म्हणजे मुस्लिम धर्मपंडितांच्या परिषदेसमोर, भारतात बनलेल्याच लसीचा प्रश्न गेला होता. त्यांनी डुकराचा अंश आहे म्हणून ती हराम ठरवली आणि तरीही गरज आहे, दुसरी मिळत नाही, म्हणून द्यायला परवानगी दिली. धर्माचा निर्णय मी देणार नाही, तुमच्या मौलवींना विचारा, पण ही माहिती घेऊन विचारा, असं सांगितलं. खरं लपवलं आणि उद्या फोनवर तेच सापडलं की आपलं बाकीचं खरंही खोटं ठरतं, हे माझं ठाम मत आहे.

पुढच्या वेळी सासूला घेऊन ये म्हटलं, कारण निर्णय तिच्या हातात नव्हता आणि तिला एकटीला पटवून घरी भांडायला पाठवणं हा अन्याय आहे. खाला, म्हणजे तिच्या सासूबाई, आल्या, सुरुवातीला अंगावरच आल्या. मी जावेच्या मुलाचं विचारलं, ते सगळं पूर्ण ऐकून घेतलं, तुमच्या सुनेला तसं बोलायला नको होतं हे सरळ म्हटलं. मग गप्पांत हजचा विषय निघाला, मी विचारलं जाण्याआधी सुई घेतली होती ना? घेतली होती, मेंदूज्वराची, तिच्याशिवाय सौदीत हजला जाऊच देत नाहीत. त्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मी पण बोलले नाही.

बाळ झालं त्याच दिवशी बीसीजी, पोलिओचे थेंब आणि हिपॅटायटिस बी झालं. हिपॅटायटिस बी २४ तासांच्या आत का, तर आईकडून जन्माच्या वेळी लागण झाली तर १० पैकी ९ बाळांत ती कायमची राहते. दीड महिन्याला खालाच बाळाला घेऊन आल्या, ताप आला, औषध दिलं, उतरला. दंडाला फोड आला तेव्हा फोन आला, पण घाबरून नाही, "आला बघा तुमचा फोड" असा.

गोवराची लस अजून व्हायचीय. ती नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात कारण तोपर्यंत आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती बाळात असते आणि आधी दिली तर लस नीट लागू पडत नाही. मौलवींशी बोलणं झालंय का ते मी विचारलेलं नाही, तो त्यांचा विषय. मधल्या काळात जाऊ मात्र स्वतःहून आली, मुलाचं जुनं कार्ड घेऊन, पहिल्या डोसनंतरचे सगळे रकाने रिकामे, आणि विचारलं की आता सगळं पहिल्यापासून करावं लागेल का. नाही लागत. झालेला डोस वाया जात नाही, जिथे थांबलं तिथून पुढे सुरू करतात. पुढच्या बुधवारी तिला बोलावलंय.