आधी हुर्राक, मग फेणी

अरे, दारूच्या प्रकारांची एवढी मोठी यादी कशाला पाठ करतोस? सुरुवातीला एकच फरक पक्का कर: आंबवणं वेगळं, गाळणं वेगळं. वाईन आणि बिअर नुसती आंबवलेली असते. फेणी, व्हिस्की, रम आधी आंबवून मग भट्टीवर गाळतात, म्हणून चढतातही जास्त.

बाकी सगळं काजूवर शीक, गोव्यात राहून दुसरीकडे कशाला जायचं?

- नीरो: बोंडूंचा, म्हणजे काजूच्या फळांचा, ताजा, गोड रस. नशा नाही. काही तासांतच आंबायला लागतो, म्हणून लगेच पी.
- हुर्राक: आंबलेला रस पहिल्यांदा गाळला की हे मिळतं. साधारण १५ टक्के अल्कोहोल. उन्हाळ्यापुरतंच, फार टिकत नाही. बाटल्या भरून गणपतीपर्यंत ठेवू नकोस.
- फेणी: हुर्राकात आंबलेला रस घालून पुन्हा गाळतात. साधारण ४२ टक्के, वर्षानुवर्षं टिकते.

माडाची फेणीही असते, ती सुरेपासून, म्हणजे माडीपासून. पण २००९ सालचं भौगोलिक मानांकन काजूच्या फेणीचं आहे, हे दुकानात विचारताना लक्षात ठेव.

नवखे हमखास दोन ठिकाणी फसतात. फेणी एका घोटात रिचवतात, आणि वासावरूनच नाक मुरडतात. थोडी ओत, लिंबू सोडा घाल, सावकाश घे. वासाची सवय होते. हुर्राकात मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून बघच.

जुनी फेणी, लाकडी पिंपं वगैरे पुढच्या मोसमात बोलू. आत्ता मार्च-एप्रिलमध्ये एखाद्या भट्टीवर जाऊन ये, आणि येताना गाडी दुसऱ्याला चालवू दे.