पावसाळाभर पडून असलेलं होडीचं आउटबोर्ड इंजिन आयडलला (सगळ्यात मंद वेगाला) थरथरतं आणि बंद पडतं, कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवू का?

नका फिरवू. म्हणजे फिरवायचाच आहे, पण सगळ्यात शेवटी.

तुमचं इंजिन 15 एचपीचं टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, एक कार्ब्युरेटर. मे अखेरीला शेडमध्ये टाकलं, चवथ झाल्यावर बाहेर काढलं, स्टार्ट होतं, थ्रॉटल दिला की मस्त पळतं, पण जेटीला लागताना स्लो केलं की थरथरतं, खोकतं आणि मरतं. आम्ही शिवोलीचे, घर शापोऱ्याच्या काठावर, दारात असंच एक जुनं इंजिन आहे आणि त्याचंही दर सप्टेंबरात हेच नाटक असतं.

थ्रॉटलवर ठीक आणि आयडलला बेकार, ह्यातच अर्धं उत्तर आहे. आयडलला कार्ब्युरेटरमधली थ्रॉटलची चकती जवळजवळ बंद असते, मेन जेटमधून (वेगाला पेट्रोल देणाऱ्या मोठ्या भोकातून) काही येत नाही, इंजिन जगतं ते पायलट जेटच्या केसाएवढ्या भोकातून येणाऱ्या पेट्रोलवर. बाऊलमध्ये (कार्ब्युरेटरच्या तळाच्या वाटीत) राहिलेलं पेट्रोल चार महिन्यांत उडून जातं, मागे चिकट पिवळी राळ राहते आणि पहिलं बुजतं ते हेच भोक. म्हणून जो तो सांगतो कार्ब्युरेटर साफ कर. चुकीचं नाही, पण माझं काय झालं ते ऐका. मी दोन रविवार घालवून दोनदा कार्ब्युरेटर खोलला, मग मेस्त्रीला पैसे देऊन तिसऱ्यांदा खोलून घेतला, प्रत्येक वेळी स्क्रू इकडे तिकडे फिरवला, थरथर तशीच. शेवटी वैतागून प्लगची कॅप ओढून बघितली तर आत हिरवट गंज, खाऱ्या हवेची कृपा. स्लोला स्पार्क इतका लुळा पडायचा की एक सिलिंडर गप्प, वेग वाढला की तोच परत कामाला लागायचा. वायरचं टोक अर्धा इंच कापून नवीन कॅप बसवली, दहा मिनिटांचं काम.

तेव्हा आधी दोन्ही प्लग काढा आणि शेजारी ठेवून बघा. एक चॉकलेटी कोरडा आणि दुसरा काळा ओला असेल तर ओल्या प्लगचा सिलिंडर पेटत नाहीये, कार्ब्युरेटर दोघांना एकच आहे त्यामुळे दोष त्याचा असण्याची शक्यता कमी. खात्री करायची तर इंजिन बंद असताना एका सिलिंडरची वायर काढा, तिचं टोक ब्लॉकला नीट अर्थ करा (लोंबकळत ठेवलीत तर सीडीआय, म्हणजे स्पार्क देणारा इलेक्ट्रॉनिक डबा, उडू शकतो) आणि स्टार्ट करा, मग दुसऱ्याचं तसंच. एक वायर काढली तरी चालतंय आणि दुसरी काढली की लगेच मरतंय असं झालं तर चोर सापडला, जिची वायर काढून फरक पडला नाही तो सिलिंडर. त्या सिलिंडरचा प्लग, कॅप, कॉइल बघा, आणि तरी नाही सुटलं तर कॉम्प्रेशन मोजून घ्या, तेच गेलं असेल तर जेट घासून काही होणार नाही.

दोन्ही पेटतायत ना, मग पेट्रोल. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढून घेतं, आणि गोव्याच्या जून-जुलैत ओल किती ते तुम्हाला मी काय सांगू. पाणी ठरावीक प्रमाणाच्या वर गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाला बसतात, आणि इंजिनचा पाइप पेट्रोल ओढतो तो तळातूनच. आयडल बिघडतं ते सोडा, टू-टी ऑइल (पेट्रोलात मिसळायचं टू-स्ट्रोकचं तेल) वरच्या पेट्रोलातच राहतं, खालच्या थरात ते जवळपास नसतंच, म्हणजे इंजिन सुकं चालून सीझ होण्याची भीती. टाकीच्या तळाचं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढा आणि पंधरा मिनिटं ठेवा, मधे रेघ दिसली तर सगळं जुनं काढा (नदीत ओतू नका हो), नवीन भरा, ऑइल 50 ला 1 असेल तर लिटरला 20 मिली. फिल्टर बदला. रबरी पाइप आणि हाताने दाबायचा बल्ब जुने असतील तर तेही बदला, इथेनॉलने आतलं रबर सुटून त्याचे कण कार्ब्युरेटरमध्ये जातात.

आता एक फुकटची टेस्ट. इंजिन गरम असताना आयडलला चोक हळूच थोडा ओढा. सुधारलं तर पेट्रोल कमी पडतंय, म्हणजे पायलट जेट बुजलाय किंवा कुठून तरी जादा हवा जातेय, बहुतेक कार्ब्युरेटरच्या गॅस्केटमधून. बल्ब दाबत राहिल्यावर सुधारत असेल तर कार्ब्युरेटर सोडा आणि इंजिनवरच्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा पडदा नि पाइपचे जोड बघा.

दोष जेटचाच निघाला तर बाऊल उतरवा, जेट काढून क्लीनरमध्ये रात्रभर भिजवा आणि उजेडासमोर धरा, भोक गोल दिसलं पाहिजे. घरच्या वायरमधली तांब्याची एक तार घाला, सुई किंवा स्टीलची तार नको, भोक वाढलं की जेट गेला. नुसता जेट साफ करून भागत नाही, थ्रॉटलच्या चकतीजवळ दोनतीन बारीक छिद्रं असतात तिथपर्यंत कॉम्प्रेसरची हवा मारा, डोळ्याला चष्मा लावून. आणि हे सगळं उघड्यावर, सिगरेट लांब.

मग तो स्क्रू, आयडलला हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा. काढण्याआधी आत किती फेरे जातो ते मोजून लिहून ठेवा, आवळू नका, टोक खराब होतं. परत बसवताना मॅन्युअलमधला आकडा घ्या, नसेल तर हलकेच टेकवून तिथून दीड फेरा बाहेर, इथून सुरुवात करा. ट्यूनिंग ड्रमात किंवा नळाच्या पाण्यावर करू नका, एक्झॉस्टवर पाण्याचा दाब खरा नसतो, तिथे लावलेलं आयडल नदीत बिघडतं. होडी जेटीला दोन दोऱ्यांनी बांधा, किल स्विचची दोरी (ओढली गेली की इंजिन बंद होतं) मनगटाला, मागे पाण्यात कोणी पोर नाही ना बघा, दहा मिनिटं गरम करा आणि फॉरवर्ड गिअरमध्येच लावा, कारण मरतं ते गिअरमध्ये, न्यूट्रलला सगळेच शहाणे असतात. पाव पाव फेरा फिरवा आणि प्रत्येक वेळी थोडं थांबा. एका बाजूला कार्ब्युरेटरमधून शिंकायला लागेल, दुसऱ्या बाजूला जड होऊन धूर काढेल, दोन्हीच्या मधे, किंचित धुराच्या बाजूला ठेवा.

चोक ओढल्यावर काय झालं आणि प्लग कसे निघाले ते खाली लिहा, जमल्यास फोटोसकट. तोवर मेस्त्रीला फोन करू नका.