भिंतीतली एचडीएमआय केबल खराब झालीय का, हे भिंत न फोडता कसं कळेल? (सेट-टॉप बॉक्स खाली, टीव्ही वर, चित्र मध्येच काळं होतं.)

आधी केबल खरंच दोषी आहे का ते बघा. बॉक्स उचलून टीव्हीजवळ आणा आणि दीड-दोन मीटरच्या सुट्या केबलने त्याच पोर्टला जोडा. तरीही काळं होत असेल तर भिंतीला हात लावू नका. पोर्ट किंवा बॉक्स तपासा.

चित्र नीट आलं, तर बॉक्स परत खाली जोडून रिझोल्यूशन १०८०पी करा. आता चालतंय? मग तारा तुटलेल्या नाहीत, केबलला वेग झेपत नाहीये. ४के ६० हर्ट्झला (४के चित्र, सेकंदाला ६० वेळा) १८ जीबीपीएसची, म्हणजे सेकंदाला १८ गिगाबिट माहिती नेणारी केबल लागते, आणि साधी तांब्याची केबल ५-७ मीटरनंतर दगा देते. १०८०पी चालत असेल तर तेवढ्यावर भागवणंही वाईट नाही.

१०८०पीवरही काहीच दिसत नसेल तर केबलची दोन्ही टोकं बघा. टीव्ही भिंतीला चिकटून असला की प्लगपाशी केबल काटकोनात दुमडते आणि तिथेच तुटते.

बदलायची वेळ आली तर जुनी केबल नुसती ओढून काढू नका, तिच्या टोकाला नायलॉनची दोरी बांधा, म्हणजे त्या दोरीने नवी केबल आत ओढता येईल. जुनी केबल पाइपातून न जाता थेट झिरीत (भिंतीत कापलेल्या खाचेत) प्लास्टर केली असेल तर मात्र हलणारच नाही. प्लगाचं प्लास्टिक साधारण २० मिमी रुंद असतं. १ इंची पाइपात कसंबसं सरकतं, एल्बोत (पाइपाच्या वळणाच्या जोडात) अडकतं. म्हणून टोकाचा प्लग सुटा होणारी ऑप्टिकल (तांब्याऐवजी प्रकाशतंतूची) एचडीएमआय घ्या. ‘सोर्स’ लिहिलेलं टोक बॉक्सकडेच ठेवा, उलटं ओढलंत तर चित्र येणार नाही. ओढण्याआधी जमिनीवर जोडून बघाच.