पात्राला किंमत मोजू दे

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझी कथा वाचली. वडिलांचं आजारपण, त्यांच्यामागे राहिलेलं घर, ते विकायला आलेला धाकटा भाऊ आणि वडिलांचं सगळं एकटीने केलेली थोरली बहीण. विषय सोडू नकोस, तो चांगला आहे. घोडं अडतं ते बहिणीपाशी. पहिल्याच पानावर तिचं वय, उंची, शिक्षण येतं आणि मग हे वाक्य: ‘ती स्वभावाने प्रेमळ, पण तितकीच करारी होती.’ पुढच्या पानांत ती प्रेमळ किंवा करारी असल्याचा एकही पुरावा सापडत नाही. भाऊ बोलतो, ती रडते; भाऊ पुन्हा बोलतो, ती सही करते. तिची दया येते, ओळख मात्र होत नाही.

प्रेमळ, करारी, अबोल, हट्टी हे सगळे निष्कर्ष आहेत. माणसाला बराच काळ पाहिल्यावर आपण ते काढतो. कथेत ते काढण्याचा हक्क वाचकाचा, आणि त्यासाठी लागणारा पुरावा द्यायचा लेखकाने. तेव्हा पहिलं काम हे कर: खर्ड्यातलं प्रत्येक स्वभावविशेषण अधोरेखित कर आणि समासात त्याच्यासमोर एक कृती लिही. त्या कृतीत पात्राचं काहीतरी गेलं पाहिजे: पैसा, झोप, अब्रू, एखादं नातं, निदान एक दुपार. डॉक्टर ‘घरी न्या’ म्हणाले तेव्हा तिने कागदावर सही केली नाही आणि रात्रभर रुग्णालयाच्या बाकावर बसून राहिली, यात करारीपणा दिसतो, कारण त्यासाठी तिला रात्र मोजावी लागली. काहीच गमवावं लागत नसेल तर ती नुसती हालचाल होते. एखाद्या विशेषणासाठी अशी कृती सुचलीच नाही, तर ते विशेषण खोडून टाक.

आता यापेक्षा महत्त्वाचं. ‘हिला काय हवंय?’ असं विचारलं की नवे लिहिणारे सुख, शांती, प्रेम, न्याय अशी उत्तरं देतात. प्रसंग लिहिताना ती कामाला येत नाहीत, कारण असली गोष्ट मिळाली की हुकली हे दिसत नाही. प्रसंगात पात्राला हवी असलेली वस्तू इतकी ठोस असावी, की प्रसंग संपताना ती त्याच्या हाती आली की नाही हे शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही कळावं. सही, किल्ली, माफी, उसने पैसे, दहा मिनिटांचा वेळ.

ठोस गोष्ट ठरली की तिच्याखाली काय आहे ते शोध. तुझ्या कथेत बहीण घराचा अर्धा वाटा मागते. मला वाटतं, तिला वाटा नकोच आहे. भावाने एकदा म्हणावं, ‘ताई, तू केलंस, मी केलं नाही,’ एवढंच तिला हवंय. पण ते मागता येत नाही. मागून मिळालेल्या कबुलीने तिचं समाधान होणार नाही, आणि मागितल्यावर तो हसला तर पुढे जगणं अवघड. म्हणून ती पैसे मागते. मागणी एक, गरज वेगळी, आणि दोन्हींच्या मध्ये भीती. या तिन्ही गोष्टी एकेका वाक्यात लिहून काढ. चौथं वाक्य तिच्या स्वतःविषयीच्या समजुतीचं: ‘मी कुणाकडून काही अपेक्षा ठेवत नाही.’ ही समजूत खोटी आहे आणि ती मात्र मनापासून खरी मानते. तिचं बोलणं एकीकडे आणि वागणं दुसरीकडे गेलं की वाचक आपोआप पुढे सरकून बघायला लागतो.

ही चार वाक्यं कथेत कुठेही छापायची नाहीत. संवाद त्यांच्यावर उभा राहतो. आत्ता तुझ्याकडे असं आहे: ‘“तुला काय कळणार मी किती सोसलं ते!” ती हुंदके देत म्हणाली.’ यात तिने गरजच उघडून दाखवली. तिची भीती खोटी ठरली आणि पुढे शोधायला काही उरलं नाही. तोच प्रसंग असा करून बघ:

“औषधांची बिलं त्या डब्यात आहेत,” ती म्हणाली. “तारखेप्रमाणे लावलीत.”

“आता बिलांचं काय करायचं, ताई?”

“बघ तरी.”

त्याने डबा उघडला नाही.

“मग अर्धा वाटा,” ती म्हणाली. “त्याहून कमीवर सही करणार नाही.”

‘बघ तरी’ या दोन शब्दांत तिची सगळी गरज आहे. ती फुकट गेली म्हणून मागणी ताठ झाली. भावाने डबा उघडला असता तर कदाचित तिने वाटा सोडलाही असता, म्हणजे कथानकाला वळण तिच्यातूनच मिळालं. पात्र काढून दुसरं बसवलं तरी कथा तशीच पुढे जात असेल, तर पात्र अजून तयार झालेलं नाही असं समज.

एवढं करूनही एक धोका राहतो. ती सोसणारी, बिचारी, सगळ्या बाजूंनी बरोबर अशी राहील. तिच्यावर एक खरी गोष्ट टाक. शेवटच्या आठवड्यात वडील ‘त्याला बोलव’ म्हणाले होते आणि तिने फोन केला नाही. का? कारण तो शेवटी येऊन दोन दिवस उशाशी बसला असता आणि पाहणाऱ्यांनी म्हटलं असतं, मुलगा आला हो. जी भूक तिला इतकी वर्षं रात्री उठवत होती, तिनेच तो फोन अडवला. आता तिला कबुली हवी आहे, पण हिशेब पुरा मांडला तर तिलाही कबुली द्यावी लागणार. अशा जागी पात्राला दोन मोलाच्या गोष्टींतली एक निवडावी लागते आणि माणूस उघडा पडतो. चांगलं आणि वाईट समोर ठेवून चांगलं निवडायला लावलंस तर त्याच्याविषयी फारसं काही कळत नाही. ते कुणीही करेल.

ॲरिस्टॉटलने आपल्या ‘काव्यशास्त्र’ (पोएटिक्स) या ग्रंथात म्हटलं आहे की पात्र विसंगत असलं तर त्याच्या विसंगतीतही सुसंगती हवी. सेवा करणं आणि फोन न करणं या दोन उलट गोष्टी वाटतात, तरी त्यांचं मूळ एक आहे. पात्राला ‘दुसरी बाजू’ द्यायची म्हणून त्याला मांजरं पाळायला लावणं, लंगडायला लावणं किंवा जुनी नाणी जमवायला लावणं, ही वरून चिकटवलेली वैशिष्ट्यं. परीक्षा सोपी आहे: ते वैशिष्ट्य काढून टाक. एकही प्रसंग बदलला नाही तर ती सजावट होती.

पात्रांसाठी शंभर प्रश्नांचे तक्ते मिळतात. आवडता रंग, रास, लाडका खेळ. ते भरत बसू नकोस. भरल्याचं समाधान मिळतं आणि कथा आहे तिथेच राहते. मी हे विचारते: कुणासमोर हसं झालेलं तिला सहन होणार नाही? कोणतं खोटं ती सहज बोलते? पैसे मोजताना ती कशी वागते? शरीराचं कुठे दुखतं? शेवटी झोप कशामुळे उडाली होती? कुणाचा फोन आला की उचलायच्या आधी थांबते? एवढ्यावर एक लांब कथा निघते. कादंबरीला जास्त लागेल, पण तेही प्रसंग लिहिता लिहिता सापडत जातं.

कामधंद्याकडे मात्र नीट लक्ष दे, कारण माणसाला काय दिसतं हे त्यावर ठरतं. वर्षानुवर्षं आजाऱ्याची शुश्रूषा केलेली बाई खोलीत शिरली की आधी श्वासाचा आवाज ऐकते, मग चादरीची ओल, पाण्याचा पेला हाताशी आहे का ते बघते. घर विकायला आलेला माणूस त्याच खोलीत भिंतीची भेग, खिडक्यांची संख्या आणि छताची उंची बघतो. ही खोली दोघांच्या नजरेतून वेगवेगळी लिही. प्रत्येकी पाच गोष्टी, भावनेचा एकही शब्द नाही. दोन्ही उतारे निनावी ठेवून कुणालातरी वाचायला दे. कुठला कुणाचा हे ओळखता आलं नाही तर अजून तू स्वतःच्याच डोळ्यांनी बघण्यात अडकून आहेस.

संवादांची तपासणीही अशीच. नावं झाकून वाच. आपल्या भाषेत तू, तुम्ही, आपण यांच्या उलटसुलट होण्यात नात्याचा सगळा ताण मावतो. आयुष्यभर ‘तू’ म्हणणारी बहीण वकिलासमोर भावाला ‘तुम्ही’ म्हणाली की वेगळं काही सांगायला नको. बोलीभाषा वापरायची तर सगळ्यांना आपापली दे. नोकर तेवढे बोलीत आणि मालक प्रमाणभाषेत, ही सवय फार जुनी आणि वाईट आहे. तिच्यामुळे बोलीत बोलणारा माणूस आपोआप गमतीचा किंवा गरीब ठरतो, आणि लेखकाला ते कळतही नाही.

भावाविषयी. तो सध्या फक्त लोभी आहे. त्याच्या तोंडून, प्रथमपुरुषात, एक पान लिही आणि त्यात तो पूर्णपणे बरोबर असू दे. दूर राहून त्याने काय धाडलं, काय विचारलं, कोणत्या फोनवर त्याला ‘इकडे सगळं ठीक आहे’ असं सांगून गप्प बसवलं गेलं. हे पान कथेत येणार नाही. पण ते लिहून झाल्यावर त्याची वाक्यं बदलतील आणि बहिणीला खऱ्या माणसाशी भांडावं लागेल. भांडण एकतर्फी असलं की दोन्ही पात्रं चपटी होतात, जिंकणारंही आणि हरणारंही.

सगळ्याच पात्रांना इतकं खणायची गरज नसते. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी 1927 साली सपाट (एकाच गुणाभोवती उभी) आणि गोलाकार (अनेक बाजू असलेली) पात्रं असा भेद मांडला, तेव्हा सपाट पात्रांचा उपयोगही मान्य केला होता. गोलाकार पात्राची त्यांची कसोटी आजही धरून ठेवावी अशी: त्याने आपल्याला चकित करावं, आणि ते पटावं. तुझा दलाल सपाट राहिला तरी चालेल. फक्त तो आला तेव्हा दुसरं कुठलं काम अर्धवट टाकून आला एवढं तुला ठाऊक असू दे. तो घड्याळ बघेल आणि तेवढ्याने जिवंत होईल.

पूर्वायुष्य दुसऱ्याच पानावर फ्लॅशबॅकने ओतू नकोस. वाचकाला अजून वर्तमानाची काळजी वाटायला लागलेली नसते, त्यामुळे भूतकाळ त्याला माहितीसारखा लागतो. जुनी गोष्ट आजच्या प्रसंगात टोचेल तेव्हाच आण, तीही दोन-तीन वाक्यांत. न केलेल्या फोनची गोष्ट वाचकाला कळायला हवी ती भाऊ सहज ‘बाबांनी शेवटी माझी आठवण काढली का?’ असं विचारतो तेव्हा.

ती कबुली देते की नाही हे तू ठरव, पण दिलीच तर तिची चाहूल आधी दोनदा तरी लागलेली हवी. फोनकडे बघून नजर वळवणं, वडिलांच्या शेवटच्या आठवड्याबद्दल बोलताना तारीख चुकवणं, इतकं लहान. चाहुलीशिवाय आलेला बदल लेखकाने ढकललेला वाटतो. अडीच-तीन हजार शब्दांच्या कथेत माणूस आमूलाग्र बदलत नाही, आणि बदलवायचा अट्टाहासही करू नये. एक तडा पुरतो.

दोन किरकोळ सूचना. कुणाला कोणती गोष्ट केव्हा कळली याचा तक्ता प्रसंगवार ठेव. पात्रं खोटी वाटण्याची कितीतरी उदाहरणं शेवटी एवढ्याशाच चुकीची निघतात. आणि ही बहीण ओळखीतल्या कुणावरून घेतली असशील तर तिचं दुखणं घे, चेहरा आणि तपशील सोडून दे. काम बदल, वय बदल, घरातली माणसं बदल. त्याने ती व्यक्ती सुरक्षित राहते आणि तुलाही ‘खरंच असं घडलं होतं’ या सबबीमागे लपता येत नाही.

सगळी कथा एकदम हातात घेऊ नकोस. आधी भावाचं पान, मग डब्याचा प्रसंग, मग फक्त बहिणीचे प्रसंग बाजूला काढून सलग वाच. प्रत्येकात तिने काय मागितलं आणि काय मिळालं, ते समासात लिही. जिथे दोन्ही रकाने रिकामे राहतील तो प्रसंग, कितीही सुंदर लिहिला असलास तरी, काढून टाक. नवा खर्डा त्या समासातल्या नोंदींसकट पाठव.

कळावे, लोभ असावा.