सायकलवरून शेतापर्यंत : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही जुळे सोलापुरात राहतो. माझ्या माहेरचे शेत होटगीच्या अलीकडे, घरापासून सुमारे 13 किलोमीटरवर आहे. जानेवारीतल्या एका रविवारी सर्वांनी सायकलने शेतावर जावे, हुरडा खावा आणि दिवेलागणीच्या आत घरी परतावे, असा बेत आहे. बरोबर पती, 11 आणि 15 वर्षांची मुले व 67 वर्षांचे सासरे असतील. सासरे रोज सायकलवरूनच मंडईत जातात, पण त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. दिवसाची आखणी कशी करावी?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आपला बेत जमण्याजोगा आहे. मात्र त्याची आखणी आपल्यातल्या सर्वांत सावकाश सायकल चालवणाऱ्या व्यक्तीपासून सुरू करावी. पंधरा वर्षांचा मुलगा हे अंतर पाऊण तासात कापेल. पण लहान मूल आणि आजोबा बरोबर असताना ताशी 10 किलोमीटरच्या वर वेग धरू नये. थांबे धरून जायला दोन तास आणि यायलाही तेवढाच वेळ, असा हिशेब ठेवावा. सासऱ्यांना रोजची सवय आहे ही जमेची बाजू आहे, पण मंडईची फेरी वेगळी आणि दिवसभरात 26 किलोमीटर वेगळे. म्हणून त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारावे. त्यापूर्वीच्या दोन-तीन रविवारी सर्वांनी मिळून विजापूर रस्त्यालगतच्या सिद्धेश्वर वनविहारापर्यंत किंवा संभाजी तलावापर्यंत जाऊन यावे. कोणाचे गुडघे दुखतात, कोणाची सीट खाली आहे, हे त्या छोट्या फेऱ्यांतच कळते. सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवली असता पाय सरळ व्हावा, एवढी सीटची उंची असावी. बहुतेक मुलांची सीट त्यापेक्षा बरीच खाली असते आणि मग ‘मांड्या भरून आल्या’ ही तक्रार सुरू होते.

आता निघण्याच्या वेळेविषयी. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. सहलीला निघायचे म्हणजे उजाडताच हमरस्त्याला लागायचे, असा सर्वसाधारण रिवाज आहे. पण होटगीची वाट आग्नेयेकडे जाते आणि हिवाळ्यात सूर्यही त्याच बाजूला उगवतो. म्हणजे पहिला तासभर ऊन थेट आपल्या डोळ्यांवर येणार, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे मागून येणाऱ्या वाहनचालकाच्याही डोळ्यांवर तेच ऊन असणार. त्याला पुढची सायकल उशिरा दिसते. म्हणून पावणेसातला घर सोडावे, पण पहिला अर्धा तास वसाहतींतल्या आतल्या रस्त्यांवरच काढावा. 1992 च्या हद्दवाढीनंतर शहरात आलेल्या या भागात सकाळी रहदारी अगदी तुरळक असते. रस्त्यापेक्षा उंच राहिलेली ड्रेनेजची झाकणे आणि पट्टे न मारलेले गतिरोधक मात्र सांभाळावेत. आसरा चौकाच्या आसपास इडली किंवा पोहे खाऊन घ्यावेत आणि त्या थांब्यावर सर्वांच्या सायकलींची हवा, ब्रेक आणि चेन पुन्हा पाहावी. आठच्या सुमारास, ऊन जरा वर आल्यावर होटगी रस्त्याला लागावे. कपडे भडक रंगाचे असावेत, आणि मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवावा.

या रस्त्यावर सर्वांत जास्त काळजी घ्यायची ती उसाच्या ट्रॅक्टरांची, कारण जानेवारी हा ऐन गाळपाचा काळ असतो. ट्रॅक्टरमागे बहुधा दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात. ट्रॅक्टर आणि पहिली ट्रॉली पुढे गेली की मुलांना वाटते, वाहन गेले. ती डावी कड सोडून पुन्हा रस्त्यावर येऊ लागतात आणि नेमकी तेव्हाच दुसरी ट्रॉली शेजारी आलेली असते. ती मागच्या बाजूने थोडी हेलकावतही असते आणि उसाची टोके बाहेर आलेली असतात. मुलांना हे घरीच, कागदावर चित्र काढून समजावून द्यावे आणि नियम एकच ठेवावा : मागून ट्रॅक्टरचा आवाज आला की साइडपट्टीवर उतरायचे, सायकल धरून उभे राहायचे आणि सर्वांत मागच्या मोठ्या माणसाने ‘चला’ म्हटल्याशिवाय निघायचे नाही. रस्त्यावर पडलेल्या, चिरडलेल्या उसावरून चाक घसरते, तेथे ब्रेक दाबू नये.

रांग एकेरी असावी. पुढे आपण, आपल्यामागे सासरे, मग धाकटे मूल, त्यामागे थोरला आणि शेवटी पती, असा क्रम मला योग्य वाटतो. सासरे दुसऱ्या जागी असले की वेग आपोआप त्यांच्या बेताचा राहतो. ते शेवटी राहिले तर सर्वांना गाठण्यासाठी ते जोर लावतील आणि दमल्याचे सांगणार नाहीत. छातीत जडपणा, गरगरणे किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप जाणवली, तर तेथेच उतरून बसायचे आणि लगेच दवाखाना गाठायचा, हे आधीच ठरलेले असावे. शेतावरच्या कोणाला तरी टेम्पो किंवा छोटा हत्ती घेऊन येण्यास तयार राहायला सांगावे. त्यात सायकलीही मावतात.

हुरडा, दही, गूळ आणि शेंगा चटणी असा बेत समोर आल्यावर मुले हात आखडता घेणार नाहीत, आणि घेऊही नये. मात्र जेवण दुपारी एकच्या आत उरकावे आणि त्यानंतर दोन तास तरी सायकलला हात लावू नये. चटणी परतीच्या वेळी तहान वाढवते, तेव्हा ताक भरपूर प्यावे. पावणेचारला शेत सोडावे, म्हणजे सूर्यास्ताआधी घर गाठता येईल. परतीसाठी एक गोष्ट आपल्या बाजूची आहे : या दिवसांत आपल्याकडचा वारा बहुतेक पूर्वेकडून असतो आणि सकाळी पडलेला वारा दिवस चढल्यावर उठतो, त्यामुळे सर्वजण दमलेले असताना तो पाठीशी राहण्याचा संभव अधिक. मधल्या वेळेत कोणाला हौस असेल, तर होटगी तलावावर जाऊन यावे. हिवाळ्यात तेथे स्थलांतरित पक्षी उतरतात. दुर्बीण असल्यास जरूर न्यावी.

प्रश्न : आम्ही मित्र दर रविवारी अक्कलकोट रस्त्याच्या बाजूने पाणंदीतून सायकली फिरवतो. प्रत्येक वेळी कोणाचे तरी चाक पंक्चर होते, आणि ट्यूब बदलली तरी पुन्हा हवा जाते. उपाय काय?
— एक विद्यार्थी, विडी घरकुल

उत्तर : बहुतेक वेळा हे काम सराट्यांचे असते. जमिनीलगत पसरणाऱ्या या तणाचे वाळलेले काटे असे पडतात की एक टोक नेहमी वरच राहते. पाणंदीच्या कडेने, गवतातून सायकल नेणे टाळावे. मधला, चाकांनी मळलेला पट्टा धरावा. बाभळीची छाटणी चालू असलेल्या बांधाजवळ सरळ उतरून सायकल उचलून न्यावी.

ट्यूब बदलूनही हवा जाते, याचे कारण टायरमध्ये राहिलेले काट्याचे टोक. बाहेरून काटा तुटतो, पण आतले दोन मिलिमीटरचे टोक तसेच रुतून बसते आणि नवी ट्यूब टोचते. म्हणून टायर उतरवल्यावर सुती फडक्याची घडी आतल्या बाजूने सबंध गोल फिरवावी. जेथे धागा अडकेल, तेथे काटा आहे असे समजावे आणि तो पकडीने आतून ओढावा. उघडे बोट फिरवू नये. ट्यूब पाण्यात धरून बुडबुडे पाहतानाही पहिले छिद्र सापडल्यावर थांबू नये, कारण सराट्याने एका जागी दोन-तीन छिद्रे पाडलेली असतात. ठिगळ लावताना ट्यूब घासून खरखरीत करावी, सोल्युशन लावून ते हाताला चिकटेनासे होईपर्यंत थांबावे आणि मगच ठिगळ दाबावे. घाईत ओल्या सोल्युशनवर लावलेले ठिगळ उन्हात तापले की सुटते. दोघांत मिळून एक पंप, एक जादा ट्यूब आणि टायर काढण्याच्या पट्ट्या तरी बरोबर असाव्यात. पाऊस पडून गेल्यावर मात्र पाणंदीत जाऊच नये. काळी माती चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये बसते आणि सायकल ढकलणेही अशक्य होते.

प्रश्न : मुलांना मे महिन्यात सुट्टी असते. तेव्हा अशी दिवसभराची सहल काढता येईल का?
— एक पालक, शेळगी

उत्तर : दिवसभराची नाही. मे महिन्यात सोलापूरचा पारा दुपारी 40 अंशांच्या वर जातो आणि डांबरी रस्ता नऊ वाजताच तापू लागतो. पहाटे साडेपाचला निघून सिद्धेश्वर तलाव आणि भुईकोट किल्ल्याच्या परिसरात सावकाश फेरी मारावी, तलावाकाठी सोबतची न्याहारी करावी आणि साडेआठच्या आत घरी यावे. प्रत्येकाजवळ किमान एक लिटर पाणी असावे आणि मुलांना तहान लागण्याची वाट न पाहता दर पंधरा मिनिटांनी दोन-चार घोट पाजावेत. हिप्परगा तलावाचा बेत असेल, तर तो दिवाळीनंतरसाठी राखून ठेवावा.