नैवाशाचा ताप आणि जानोरीच्या शेळ्या

प्रश्न : माझा मुलगा केनियात नैवाशाला गुलाबाच्या पॉलिहाऊसवर सुपरवायझर आहे. तिकडे पाऊस फार झाला की 'रिफ्ट व्हॅली' तापाची धास्ती असते म्हणे. मेंढ्यांना लस आहे, माणसांना नाही, असं का? आमच्या अकरा शेळ्यांना ती टोचावी का?
– एक वाचक, जानोरी (ता. दिंडोरी)

उत्तर : शेळ्यांचं आधी सांगतो, नको. हा ताप आफ्रिका आणि अरबस्तानातला. तुमच्या शेळ्यांना पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस द्या, पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांच्या प्लेगची) चुकली असेल तर तीही.

मुलगा मात्र या रोगाच्या माहेरीच राहतो. 1931 साली नैवाशा सरोवराजवळच्या मेंढ्यांतच हा विषाणू पहिल्यांदा ओळखला गेला. एडिस डासाची अंडी कोरड्या मातीत वर्षानुवर्षं पडून राहतात, विषाणूसकट. मोठा पूर आला की उबतात, आणि वाड्यातल्या गाभण मेंढ्या एकापाठोपाठ गाभडायला लागतात.

लशीची गोम या गाभण मेंढीतच आहे. जुनी स्मिथबर्न लस जिवंत विषाणूची. स्वस्त, एकदा टोचली की झालं. पण गाभण मेंढीचा गाभ तीच पाडू शकते. मेलेल्या विषाणूची लस सुरक्षित, पण पुन्हा पुन्हा द्यावी लागते. फिरस्त्या मेंढपाळाला दुसऱ्यांदा गाठायचं कुठं? शिवाय साथ सुरू झाल्यावर एकाच सुईनं कळप टोचला तर सुईच रोग पसरवते. नोकरीच्या पहिल्या वर्षी नांदगावकडच्या एका वाड्यावर मी घटसर्पाची लस तशीच टोचत होतो. म्हातारा धनगर म्हणाला, "डॉक्टर, आजारीची सुई चांगलीला?" मला रागच आला होता. बरोबर तोच होता.

माणसांच्या लशीचं दुखणं वेगळं. साथ येते, काही महिन्यांत ओसरते, मग कित्येक वर्षं गप्प. लस खरंच वाचवते का हे तपासायचं कधी? आणि गिऱ्हाईक गरीब, हेही खरंच. तरी काम चालू आहे. कोव्हिशील्डमध्ये वाहक म्हणून वापरलेला चिंपांझीचा सर्दीचा विषाणू घेऊन ऑक्सफर्डच्या मंडळींनी जनावरं आणि माणसं दोघांनाही चालेल अशी लस बनवली आहे. माणसांवरच्या चाचण्या ब्रिटन आणि युगांडात झाल्या. बाजारात मात्र माणसांसाठी अजून एकही नाही.

तोवर मुलाला सांगा, मच्छरदाणी लाव, कच्चं दूध नको. माणसांना हा रोग बहुतेकदा जनावराच्या रक्तातून, पडलेल्या गाभातून लागतो. तेव्हा शेजाऱ्याची मेंढी गाभडली तर उघड्या हातानं मदतीला धावू नकोस. आणि ताप आलाच, तर डॉक्टरला जनावरांचं आधी सांग.